हसता काढजो

परवा तास संपवून वर्गाबाहेर आले तर दाराशी बी.ए.च्या दोन मुली थांबल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "मॅम, रंगोली के लिए हॉल मिलेगा ना? पंखे बंद ठेवावे लागतील, म्हणून आधीच सांगून ठेवते." मी हो म्हणाले. त्या खुशीत जिना उतरून गेल्या आणि मी व्हरांड्यात तशीच उभी राहिले. म्हणजे स्नेहसंमेलनाचे दिवस आले.

बऱ्हाणपुरातली थंडी तशी हलकीच. पण नेपानगरहून सकाळच्या पॅसेंजरनं येताना ती बरोबर कळते. चांदनी मागे पडतं, सातपुड्याचं रान विरळ होत जातं, आणि मग खिडकीबाहेर केळीच केळी. पानं दवानं जड झालेली, कडांनी फाटलेली. मधेच एखादं कापसाचं रान, वेचणीच्या बायका डोक्याला फडकी गुंडाळून वाकलेल्या. लालबागला, म्हणजे बऱ्हाणपूरच्याच स्टेशनात, गाडीतून उतरलं की बाहेर चहाच्या गाड्यावर गर्दी असते आणि लोक पेल्याभोवती दोन्ही हात धरून उभे असतात. माझे वडील कागद कारखान्यात नोकरीला म्हणून खानदेशातून नेपानगरला आले आणि तिथलेच झाले. मी शिकायला या कॉलेजात आले, नंतर शिकवायलाही इथंच. म्हणजे ही वाट माझ्या आयुष्यभराची. पण थंडीच्या या दिवसांत गाडीतून उतरताना माझं पाऊल जरा जड पडतं. कॉलेजात शिरलं की कुठून तरी पेटी वाजवल्याचा आवाज येणार, कोणी तरी कपाटातून माइक काढून "हॅलो, हॅलो" करत असणार. आणि तो "हॅलो" योगेशचा नसणार.

आमचं कॉलेज लहान आहे. एक इमारत, समोर कडुनिंब, मागे यंत्रमागांची वस्ती. मागांचा खटखटाट दिवसभर चालू असतो. नव्यानं आलेल्या शिक्षकाला त्याचा त्रास होतो, मग सवय होते, आणि एखाद्या दिवशी वीज गेली की वर्गात एकदम शांत वाटून सगळे एकमेकांकडे बघतात. कार्यक्रमांसाठी एकच हॉल, त्यालाच मंच. पण स्नेहसंमेलनाला गाव लोटतं. मागांवरची माणसं पाळी संपवून येतात, आसपासच्या बायका लेकरांना घेऊन येतात, खेड्यांवरून मुलामुलींचे आईवडील बस नाही तर टेम्पो धरून येतात. आपली पोरगी मंचावर काय करते ते बघायचं असतं. या गावाला नाटकाचं थिएटर नाही, चित्रांचं दालन नाही. जे काही आहे ते वर्षातून एकदा आमच्या त्या हॉलमध्ये.

योगेश देडतलाईचा. खकनारच्या पुढचं गाव ते. घरची केळी आणि कापूस. कॉलेजपाशी दोघातिघांत खोली घेऊन राहायचा. पहिल्या वर्षाला असताना तो वर्गात तोंड उघडत नसे. घरी एक बोली, शाळेत दुसरी, इथं शहरात तिसरी. बोलायला गेला की तिन्ही एकात एक गुंतायच्या आणि मुलं हसायची. त्या वर्षी कार्यक्रम ऐन भरात असताना माइक बंद पडला. निवेदन करणारी मुलगी रडवेली झाली. तेव्हा मागच्या रांगेतून हा उठला, मंचासमोर आला आणि रानात हाक घालावी तशा खणखणीत आवाजात म्हणाला, "जे लोक पीछे खडे आहेत ते बसून घ्या, आणि जे बसले आहेत ते जरा सरका. नाच आज मंचावर आहे, खुर्च्यांवर नाही." सगळा हॉल हसला. तो हसणं ऐकून थोडा दचकला, मग त्याच्या लक्षात आलं की हे हसणं वेगळं आहे.

त्यानंतर निवेदन त्याच्याकडेच. मराठी, हिंदी, घरची बोली, सगळं तसंच एकात एक गुंतलेलं. पण आता त्यातच मजा होती. प्रत्येक मुलामुलीचं नाव घेताना तो गावाचं नावही घ्यायचा. लालबागची अमुक, चांदनीचा तमुक. मी एकदा म्हटलं, "वेळ जातो रे त्यात." तर म्हणाला, "जाऊ द्या मॅडम. गावाचं नाव घेतलं ना, की मागे बसलेले आईबाप सीधे होऊन बसतात. मी इथून बघतो."

मयूरी लालबागची. तिचे वडील केळीचे ट्रक भरण्याच्या कामावर. ती अगदी कमी बोलायची. पण रांगोळीनं माणसाचा चेहरा काढायची. ठिपक्यांची, वेलबुट्टीची रांगोळी आमच्याकडे पुष्कळ मुली काढतात. चेहरा काढणं वेगळं. शहाबादी फरशीवर आधी पांढऱ्याचा थर चाळायचा, मग रंगात रंग मिसळून कातडीचा, सावलीचा, ओठांचा रंग जमवायचा आणि चिमटीतून सोडत जायचा. वर पंखा नको, खिडकी उघडी नको, कोणी पदर झटकायला नको. योगेश तेव्हा हॉलच्या दाराशी उभा राही आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगे, "चप्पल बाहेर, साँस अंदर." मयूरी वर न बघता हसायची. त्या दोघांत काही होतं का, हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. आताही वाटत नाही.

त्यांचं शेवटचं वर्ष होतं. स्नेहसंमेलनाची तालीम सुरू झाली होती. योगेश रविवारला जोडून सुटी घेऊन गावी गेला, वडिलांना घड कापणीला मदत करायला. सकाळी विहिरीवरची मोटर चालू करायला गेला आणि तिथं त्याला शॉक लागला. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. आम्हाला कळलं ते सोमवारी, पहिल्या तासाला. त्याच्या खोलीतला मुलगा दारात येऊन उभा राहिला. त्याला आत ये म्हटलं तरी येईना. मग तिथूनच त्यानं सांगितलं.

मला त्या दिवसाचं फारसं आठवत नाही. मागांचा आवाज मात्र आठवतो. शोकसभेत सगळे दोन मिनिटं उभे होते आणि भिंतीपलीकडे खटखट, खटखट चालू होती.

प्राचार्य सरांनी नाचगाणी रद्द केली. मुलांपैकीही कोणी हट्ट धरला नाही. "चित्रं, मेंदी, रांगोळी, एवढं प्रदर्शन करू," सर म्हणाले. "गाव दरवर्षी येतं. दार लावून घेणं बरं नाही." दुसऱ्या दिवशी मयूरी माझ्याकडे आली. बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मी योगेशला काढू?"

मी तिला सरांकडे घेऊन गेले. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घरच्यांना विचारल्याशिवाय नको," ते म्हणाले. "आणि फोनवर नाही विचारायचं हे. जा दोघी."

म्हणून आम्ही देडतलाईला गेलो. बसमध्ये मयूरी खिडकीशी बसली होती. खकनार गेल्यावर मला म्हणाली, "मॅडम, ते नाही म्हणाले तर मला बरं वाटेल थोडं." मी विचारलं, का? ती म्हणाली, "भीती वाटते. बिघडला तर?"

घर रस्त्याला लागूनच होतं. ओसरीत योगेशचे वडील बसले होते, डोक्याचे केस उतरवलेले. आम्ही कॉलेजातून आलो म्हटल्यावर त्यांनी उठून खाट झटकली, बसायला सांगितलं. पाणी आलं. कोणी तरी चहा ठेवला. बोलायला सुरुवात कशी करावी हे मला सुचेना, तेव्हा मयूरीच बोलली. रांगोळी म्हणजे काय, चेहरा कसा काढतात, कुठं काढणार, सगळं तिनं खाली बघत एका दमात सांगितलं.

वडिलांनी ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "जमिनीवर?"

"हो."

"माह्या पोराचं तोंड जमिनीवर. लोकाच्या पायापाशी." ते रागावले नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढं ते उभं राहत होतं आणि सहन होत नव्हतं, एवढंच. "नको बाई. जो गेला तो गेला. त्याले आता मांडू नका."

मयूरी लगेच उठली. मीही पदर सावरला. तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला, "तुझ्याजवळ फोटू हाय का त्याचा?"

योगेशची आई उंबऱ्यापाशी बसली होती. ती तिथं आहे हे आम्हाला कळलंच नव्हतं. मयूरीनं फोन काढून तिच्याजवळ जाऊन दाखवला. कार्यक्रमांतले फोटो होते ते. सगळ्यांत योगेशच्या हातात माइक, तोंड उघडं, डोळे अर्धवट मिटलेले. तो कायम बोलतच असायचा, त्यामुळे कॅमेऱ्यात तसाच यायचा.

आईनं एकेक फोटो बघितला. "आमच्याजवळ कार्डावरचा हाय," ती म्हणाली. "त्याच्यात तर चोरासारखा दिसते." मग फोन परत देत म्हणाली, "काढ माय. पण हसता काढजो."

 वडिलांनी मान वळवली आणि रस्त्याकडे बघत राहिले.

मयूरी आता भुसावळला एका शाळेत चित्रकला शिकवते. मधे तिचा फोन आला होता. तिच्या मुलाचा वाढदिवस, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं, असं सगळं बोलणं झालं. मी विचारलं, रांगोळी काढतेस की नाही? म्हणाली, "काढते ना मॅडम. मोर काढते, कमळं काढते. चेहरे नाही काढत आता." मी पुढं विचारलं नाही. कुकरची शिट्टी झाली आणि तिनं फोन ठेवला. हात असा असावा, आणि त्या हातानं आपणहून थांबावं, याचं मला वाईट वाटत राहतं. पण तिनं त्या दोन दिवसांत काय ओतलं होतं ते मी पाहिलं आहे. पुन्हा चेहरे काढ, असं तिला सांगायचा मला अधिकार नाही.

हसता योगेश काढणं सोपं नव्हतं. हसतानाचा एकही फोटो नव्हता. तो इतरांना हसवायचा, स्वतः पुढचं वाक्य शोधत असायचा. मयूरीनं माइक धरलेल्या फोटोवरून हाडं घेतली, कपाळ घेतलं, आणि हसू आठवणीतून आणलं. गुडघ्यांवर, कोपरांवर, तासन्‌तास. मी दारात उभी राहायचे. "चप्पल बाहेर" एवढं मी म्हणू शके. पुढचं माझ्यानं म्हणवत नसे. ओठांपाशी ती कितीदा तरी थांबली. एकदा सगळा ओठ फुंकरीनं उडवून टाकला आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. मला वाटलं, आता रडेल. रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "डावीकडून हसायचा तो. आधी डावीकडून." आणि परत वाकली.

प्रदर्शनाच्या दिवशी गाव आलं. नेहमीसारखं नाही, हळू आवाजात आलं. मेंदीचे हात, पेन्सिलीची चित्रं, काचेवरची नक्षी, सगळं बघत बघत लोक हॉलच्या त्या कोपऱ्यात यायचे आणि थबकायचे. पंखे बंद, खिडक्या बंद, त्यामुळे आत उबारा होता. मयूरीनं चेहऱ्याभोवती झेंडूच्या पाकळ्यांची रुंद कड केली होती, कोणाचा पाय जवळ येऊ नये म्हणून. मागावर काम करणारा एक म्हातारा बराच वेळ उभा राहून म्हणाला, "ये तो वही लडका है, जो सबके गाँव का नाम लेता था." मग त्यानं टोपी काढली.

योगेशची आई दुपारी आली. बरोबर वडील होते, पण ते फाटकापाशी कडुनिंबाखाली थांबले. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "नाही बाई. मी इथंच बरा." मी खुर्ची पाठवली. ते खुर्चीवर बसले नाहीत, पारावर बसले.

आई आत आली, चेहऱ्यापाशी आली आणि उभीच राहिली. मयूरी तिच्याकडे बघत होती, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशी. आई खाली बसली. पाकळ्यांच्या कडेला, मांडी घालून.  लोक येत होते, तिला बघून बाजूनं जात होते. मग तिनं मयूरीला खुणेनं बोलावलं आणि बोट दाखवत म्हणाली, "इथं, या भिवईवर वण व्हता. लहानपणी ट्रॉलीवरून पडला व्हता."

मयूरीनं तपकिरी रंगात किंचित पांढरं मिसळलं आणि भुवईवर एक बारीक रेघ सोडली.

"हां," आई म्हणाली. "आता तो."

दिवसभर ती तिथंच बसली. कोणी चहा आणून दिला तो तिनं घेतला. शेजारी येऊन बसणाऱ्या बायकांशी दोन शब्द बोलली. एकीला सांगत होती, "हा दुधाची साय खात नव्हता. काढून टाकायचा." जणू पोरगा तिथंच पडून ऐकतो आहे. मला तिकडं बघवत नव्हतं आणि दुसरीकडं बघताही येत नव्हतं.

संध्याकाळी हॉल रिकामा करून द्यायचा होता, सकाळी तिथं परीक्षेची बैठक होती. चित्रं उतरली, टेबलं उचलली गेली. बाकीच्या मुलींनी आपापल्या रांगोळ्या पुसल्या. तो कोपरा तेवढा राहिला. झाडू घेऊन कोणी पुढं येईना. मुलं हळूहळू एकेक करून बाहेर निघून गेली.

आईनं विचारलं, "आता याचं काय करता?"

मयूरी म्हणाली, "पुसतात, मावशी."

"कोण पुसते?"

"जिनं काढली तीच. मीच पुसेन. तुम्ही बाहेर बसा थोडं."

आई उठली नाही. चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "त्या दिशी मले हात लावू देला नाही कोणी. दवाखान्यातून आणला तो बांधलेलाच व्हता. बायांनी मले धरून ठेवलं आणि माणसं घेऊन गेली. तोंड नाही पाहिलं मी त्याचं." ती थांबली. "तू राहू दे. मी करते."

मी आणि मयूरीनं एकमेकींकडे बघितलं. मयूरीनं मान हलवली आणि दोन पावलं मागे सरकली.

आईनं पाकळ्या हातानं बाजूला केल्या. बांगड्या वर सारल्या. मग उजवा तळवा अलगद त्याच्या कपाळावर ठेवला. तसाच ठेवून बसली. आणि मग हात खाली आणला, कपाळावरून, भुवईवरून, डोळ्यांवरून, लहान लेकराचं तोंड धुवावं तसा. गालावर गोल फिरवला. नाकावरून, ओठांवरून. कानांमागं बोटं फिरवली. ती तोंडातल्या तोंडात काही बोलत होती. मला एवढंच ऐकू आलं, "थांब, थांब. झालं रे. झालं." सगळे रंग एकमेकांत मिसळून राखेसारखे झाले. तिनं हनुवटीपाशी हात नेऊन उचलला, तेव्हा फरशीवर चेहरा उरला नव्हता.

मयूरी रडत होती. आवाज न करता, तोंडावर ओढणी धरून. आईनं उठताना तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाली, "चांगला काढला व्हता माय तू."

मयूरीनं विचारलं, "रांगोळी पुडीत बांधून देऊ? ताप्तीत सोडता येईल." आई नको म्हणाली.

आम्ही दोघी त्यांना पोहोचवायला स्टँडवर गेलो. खकनारकडची बस लागली होती, पण अजून भरायची होती. उजेड उतरत चालला होता. खिडकीपाशी आई बसली, शेजारी वडील. आई डाव्या हातानं पुढची दांडी धरून होती. रांगोळीनं राखाडी झालेला उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता, कशाला लागू नये असा. मी खाली खिडकीशी उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. वडिलांनी समोर बघतच विचारलं, "कसा दिसत व्हता?"

 तिनं तो हात उचलून त्यांच्यापुढं धरला. वडिलांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बस सुटेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.